सीटखालचं इंजिन

मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं सांगली, मिरज, तासगाव, जत या पट्ट्यात गेली. गाडी ठोकली, पुरात बुडाली किंवा जळाली की विमा कंपनी आमच्यासारख्याला पाठवते. नुकसान किती आणि कशामुळे, हे पाहून लिहून द्यायचं. जळालेल्या गाड्यांपैकी मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मारुती व्हॅननं. तीच पुढे ओम्नी झाली. १९८४ मध्ये आलेल्या या गाडीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. तिच्यावर जीव लावणारे लोक गावोगाव आहेत आणि त्यांचं प्रेम खरं आहे. मंडप, दूध, भाजी, पेशंट, वऱ्हाड, शाळेची पोरं, काय म्हणून या गाडीनं वाहिलं नाही? पण तिच्या आगींचा इतिहास सलग मांडलेला माझ्या वाचनात आलेला नाही. या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या जागी आलेल्या गाड्याही आता जुन्या व्हायला लागल्यात, म्हणून तो मांडतो आहे.

या गोष्टीचं मूळ जपानमध्ये आहे. महायुद्धानंतर तिथल्या सरकारनं लहान गाड्यांचा एक वर्ग ठरवून दिला, त्याला ते 'केई' म्हणतात. लांबी, रुंदी आणि इंजिन ठरलेल्या मापात ठेवा, करात सवलत घ्या, असा तो व्यवहार. १९७६ मध्ये ही मर्यादा वाढवून ३.२ मीटर लांबी आणि ५५० सीसी इंजिन अशी केली गेली. एवढ्याशा लांबीत माणसंही बसवायची आणि मालही भरायचा, तर इंजिनासाठी पुढे नाक काढणं परवडत नाही. म्हणून सुझुकीच्या 'कॅरी' गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली गेलं. १९७९ मध्ये आलेल्या कॅरीच्या पिढीवरून आपली व्हॅन बेतली गेली. इंजिन मात्र मारुती ८०० चंच, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. कारमध्ये ते बॉनेटखाली आडवं बसायचं आणि पुढची चाकं फिरवायचं. व्हॅनमध्ये ते ड्रायव्हरच्या बुडाखाली उभं बसलं आणि शाफ्टवाटे मागची चाकं फिरवू लागलं. गाडीची लांबी ३.३७ मीटर, वजन आठशे किलोच्या आत, आणि आत मावणारी माणसं व माल पाहिला तर मोठमोठ्या गाड्यांनी लाजावं. जागेचा असा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरांचं मला आजही कौतुक वाटतं.

महाराष्ट्राला केबिनमधलं इंजिन नवं नव्हतं. फिरोदियांच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर १९६९ पासून आकुर्डीत बनत होती आणि तिचंही इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच धडधडायचं. ड्रायव्हर त्याच्या झाकणावर डबा गरम करायचे. पण मॅटाडोर डिझेलची होती. डिझेल सांडलं तर ते काळे डाग पाडून बसतं, त्याची वाफ सहज धरत नाही. पेट्रोलचं तसं नाही. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही त्यातून पेटण्याइतकी वाफ निघते. आमच्या उन्हाळ्यात, बंद झाकणाखाली, तापलेल्या इंजिनाशेजारी ती किती निघत असेल याचा अंदाज करा. मॅटाडोरच्या काळात ड्रायव्हरांना आणि मिस्त्रींना लागलेली निर्धास्त सवय पेट्रोलच्या व्हॅनलाही तशीच लागू झाली, आणि माझ्या मते इथूनच बिघाडाला सुरुवात झाली.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. कारचं बॉनेट पेट्रोलपंपावरचा पोऱ्यासुद्धा उघडतो. पाणी बघतो, ऑइल बघतो, आणि बघता बघता कुठं ओलं दिसलं तर सांगतो. व्हॅनमध्ये इंजिन बघायचं तर खाली उतरायचं, सीटवरचं सामान काढायचं, सीट उलटवायची, मग झाकण. दिवसभर फेऱ्या मारणारा माणूस हे रोज करत नाही. सर्व्हिसिंगला गाडी गेली तरच सीट उठायची, आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली की सर्व्हिसिंगही थांबायचं. रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटखाली, त्यामुळे पाण्याच्या पाइपांचा प्रवास लांबचा. एखादा पाइप गंजून पाणी गेलं तर इंजिन तापायचं, सीट चटके द्यायला लागायची, आणि ड्रायव्हर एक गोणपाट किंवा टॉवेल घडी करून बुडाखाली घ्यायचा. ते गोणपाट मी कित्येक गाड्यांत पाहिलं आहे. इंजिन ओरडून सांगत होतं ते त्या गोणपाटानं दाबून टाकलं.

जळालेली गाडी कशी वाचतात ते सांगतो. गेल्या गेल्या लोक आपल्याला सीटांचे सांगाडे आणि वितळलेला डॅशबोर्ड दाखवतात, कारण तेच डोळ्यांत भरतं. आम्ही आधी खाली वाकतो. आग वर चढते, म्हणून सगळ्यात खालची जळाल्याची खूण शोधायची. पत्रा जिथं जास्त वेळ तापतो तिथला रंग पार जातो आणि एक-दोन दिवसांत तिथं तांबूस गंज धरतो. मग धातू बघायचे. जस्त साधारण ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, अॅल्युमिनियम ६६० ला, तांबं १०८५ ला. कार्ब्युरेटर हलक्या मिश्रधातूचा, तो वितळून इंजिनच्या बाजूला ओघळला असेल आणि शेजारची तांब्याची वायर शाबूत असेल, तर उष्णता किती चढली होती याचा माग लागतो. वायरच्या टोकाला गोल, चकचकीत मणी दिसला तर तिथं विजेचा जाळ झाला होता. पण तेवढ्यावर 'शॉर्ट सर्किट' लिहून मोकळं होऊ नये. आग दुसऱ्याच कारणानं लागली, वायरवरचं प्लॅस्टिक जळालं आणि बॅटरी अजून जोडलेली होती, तरी तसाच मणी तयार होतो. 'शॉर्ट सर्किट' हे आपल्याकडे सगळ्या आगींना चिकटवलेलं कारण आहे. ते लिहिलं की पुढचे प्रश्न बंद होतात, आणि नेमकं म्हणूनच ते फार जपून लिहावं.

सुरुवातीच्या काळातल्या बहुतेक आगी पेट्रोलच्या असायच्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत टाकीतलं पेट्रोल ओढायला इंजिनवर चालणारा पंप असतो, त्याच्या पोटात एक रबरी पडदा असतो. मेकॅनिक त्याला डायफ्राम म्हणतात. तो फाटला की पेट्रोल एक तर ऑइलमध्ये उतरतं किंवा बाहेर ठिबकतं. कार्ब्युरेटरमधली निडल कचऱ्यानं अडकली तर फ्लोटचा कप भरून वाहतो, याला 'ओव्हर होणं' म्हणतात. तिसरं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात मोठं कारण, म्हणजे रबरी पाइप. टाकीपासून इंजिनपर्यंत लोखंडी नळी येते, पण इंजिन हलतं आणि बॉडी वेगळी हलते, म्हणून शेवटचा वीतभर तुकडा रबराचा लागतो. तो तुकडा वर्षानुवर्षं सीटखालच्या धगीत शिजत राहतो.

असा जुना तुकडा हातात घेऊन बघा. मधला भाग बरा दिसतो, काळा आणि थोडा तुकतुकीत. क्लिपजवळचं टोक वाकवलं की केसासारख्या बारीक भेगा उघडतात, उन्हात सुकलेल्या शेताला पडाव्यात तशा. आणखी जोर दिला की तो वाकत नाही, कडकन तुटतो. आतल्या बाजूनं नख फिरवलं तर काळी भुकटी निघते, तीच पुढे निडलमध्ये जाऊन अडकते. क्लिप आवळली की गळती दोन दिवस थांबते, कारण भेग पडलेलं रबर तेवढ्यापुरतं दाबलं जातं. मग परत ठिबकायला लागतं. क्लिप आवळून गाडी परत देणारा मिस्त्री फसवत असतो असं नाही. गिऱ्हाईकच म्हणतं, "आजच्या दिवस चालू करून दे, बाकी नंतर बघू."

तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याची व्हॅन मला आठवते. एप्रिलचा महिना, शेडवरून माल काढण्याची घाई. गाडी गरम झाली होती, बंद पडली, सुरू होईना. त्यानं चोक ओढून सेल्फ मारणं चालू ठेवलं. सीटखालून 'भप्प' आवाज आला आणि पायाजवळ जाळ दिसला. तो उडी मारून वाचला, शेजारच्या सीटवरचा गडीही वाचला. अर्ध्या तासात मागं सांगाडा उरला. मी विचारलं, "पेट्रोलचा वास आला नव्हता का?" तो म्हणाला, "वास तर रोजच यायचा, साहेब." माझ्या सगळ्या नोकरीत ऐकलेलं हे सगळ्यात खरं वाक्य. वास रोजचा झाला की नाकाला कळेनासा होतो, आणि मनालाही.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडलं की लगेच पेटतं असं लोक समजतात. बहुतेक वेळा ते तसं पेटत नाही, ते वाफ होऊन उडून जातं. धोका त्या वाफेचा आहे. ती हवेपेक्षा जड असते, झाकणाखाली साठते आणि ठिणगीची वाट बघते. ठिणगी मिळते प्लगच्या जुन्या वायरीतून, डिस्ट्रिब्युटरच्या तडकलेल्या टोपीतून, सेल्फच्या कार्बनमधून. उलट इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइल नुसत्या तापलेल्या लोखंडावर पडूनही पेटू शकतात. म्हणून पेट्रोल गळत असताना सेल्फ मारणं हे सगळ्यात वाईट, आणि ऑइल गळत असताना घाट चढणं हे त्याखालोखाल.

त्यात भर पडली वायरिंगची. व्हॅन विकत घेतली की टेपरेकॉर्डर, जादा दिवे, मोठा हॉर्न, रिव्हर्सला वाजणारं गाणं आलंच. प्रत्येक वस्तूसाठी एक वायर सरळ बॅटरीवरून ओढायची, मध्ये फ्यूज नाही. मूळ फ्यूज उडाला तर सिगारेटच्या पाकिटातली चमकी गुंडाळून त्याच जागी बसवायची. फ्यूजचं काम वायर जळायच्या आधी स्वतः जळणं. चमकी जळत नाही, म्हणून वायर जळते. ही वायर जर सीटखालून, इंजिनच्या झाकणाच्या कडेनं गेलेली असेल तर रोजच्या थरथरीत तिचं आवरण पत्र्यावर घासून जातं. वरून रेक्झिनची नवी कव्हरं, फोमच्या गाद्या, खिडक्यांना पडदे. गाडी सजली, आणि पेटायला लागणारं सगळं साहित्य एकाच डब्यात जमलं.

मग गॅस आला आणि आगीचं रूपच बदललं. घरगुती सिलिंडरला सरकारी अनुदान, पेट्रोल महाग. किलोमीटरचा हिशेब करणाऱ्याला तो फरक दिसणारच. कायद्यानं परवानगी मिळण्याच्या कितीतरी आधी व्हॅनच्या मागच्या सीटखाली किंवा डिकीत १४.२ किलोचं लाल सिलिंडर जाऊन बसलं. चुलीपर्यंत गॅस न्यायला केलेली ती वस्तू. घरात ती एका जागी उभी असते. गाडीत ती आडवी पडते, खड्ड्यात आपटते, तिच्या तोंडाशी लावलेली रबरी नळी दर वळणाला ओढली जाते. गॅस द्रवाचा वायू झाला की साधारण अडीचशे पट फुगतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो वर जात नाही, गाडीच्या तळाशी, पायांपाशी पसरतो. हवेत दोन टक्के मिसळला तरी पेटायला पुरतो. कंपनी गॅसला वास मुद्दाम लावते, पण जिथं पेट्रोलचा वासही रोजचा झाला होता तिथं दुसऱ्या वासाचं काय?

गाडीसाठी बनवलेली टाकी वेगळी असते, आणि ती वेगळी का असते हे समजून घेण्यासारखं आहे. ती ऐंशी टक्के भरली की आतला व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, कारण उन्हात द्रव फुगायला जागा हवी. नळी तुटली आणि गॅस एकदम धावला तर प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह असतो. इंजिन बंद पडलं की गॅस तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह असतो. तोंडावर हवाबंद डबा असतो आणि त्यातून बाहेर काढलेली नळी, म्हणजे गळलाच तर गॅस माणसांत न येता रस्त्यावर जावा. घरगुती सिलिंडरमध्ये यातलं काही नाही, कारण स्वयंपाकघरात याची गरज नसते. आणि भरणं? मिरजेच्या एका बोळात मी पाहिलं आहे, पत्र्याच्या बंद शेडमध्ये छोट्या मोटारीनं लाल सिलिंडरमधून गाडीच्या टाकीत गॅस ढकलत होते. ऐंशी टक्क्यांचा हिशेब तिथं कुणी करत नव्हतं. मोटारीचं बटण चालू-बंद करताना होणारी ठिणगी त्याच खोलीत.

२००० साली मोटार वाहन कायद्यात बदल होऊन एलपीजीला गाडीचं इंधन म्हणून मान्यता मिळाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सीएनजीसाठी ११५-बी आणि एलपीजीसाठी ११५-सी असे नियम आले. किट तपासून मान्यता देण्याचं काम करणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे, १९६६ पासूनची. सिलिंडर आणि टाक्यांवर देखरेख नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेची, जिची सुरुवात १८९८ सालची. म्हणजे या प्रश्नावर देशभर लागू होणारा बराचसा विचार आपल्याच राज्यातून होतो. विम्याच्या बाजूनं आयएमटी-२५ नावाची पुरवणी असते. किट आरसी बुकावर चढवा, पॉलिसीत दाखवा, थोडा जास्त हप्ता भरा, की संरक्षण मिळतं. कागदावर सगळं चोख.

पण लहान गावांत ऑटो एलपीजीचा पंप नव्हता आणि मान्यतेच्या किटचा खर्च दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून लाल सिलिंडर चालूच राहिलं, फक्त लपलं. गाडी जळाली की सर्व्हेअर येण्याआधी ते काढून टाकायचं. तरी खुणा राहतात. तळाला तांब्याची नळी धरणाऱ्या क्लिपा राहतात. डॅशबोर्डवर पेट्रोल, मधली जागा आणि गॅस अशा तीन खटक्यांच्या बटणाचं भोक राहतं. मधली जागा कशासाठी, तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत थांबायला. घाईत कोण थांबतो? पेट्रोल आणि गॅस एकदम गेलं की बॅकफायर, आणि एअर फिल्टरचा डबा फाटलेला. गॅसवर वर्षभर चाललेल्या गाडीत पेट्रोलचा रबरी पाइप वापराविना सुकून जातो. मग एक दिवस गॅस संपतो, खटका पेट्रोलवर जातो आणि तडकलेल्या पाइपातून पेट्रोल सीटखाली सांडतं. अशा गाडीचा क्लेम नाकारण्याची शिफारस मी केली आहे आणि ती नियमाला धरून होती. पण तो माणूस आयुष्याची कमाई गमावून समोर उभा असतो, आणि आपल्याला कळत असतं की त्याला दिवसाला शंभर-दोनशे रुपये वाचवायचे होते, एवढाच त्याचा गुन्हा.

हे सगळं मालाच्या गाडीत घडतं तेव्हा नुकसान पैशाचं असतं. ओम्नी शाळेची गाडी झाली तेव्हा प्रश्न वेगळा झाला. आमच्याकडे पोरांच्या तोंडी तो माणूस 'व्हॅनवाले काका' असतो. सकाळी दारात हॉर्न, दप्तरं टपावर, आठ जणांच्या जागेत पंधरा पोरं. मागच्या सीटा काढून बाजूनं फळ्या बसवलेल्या, आणि काही गाड्यांत त्या फळीखालीच ते लाल सिलिंडर. काका बहुतेक वेळा भला माणूस असतो, कुणाची आई उशिरा आली तर पोराला घेऊन थांबणारा. पण सरकतं दार आतून उघडू नये म्हणून त्यानंच खटका लावलेला असतो. पोरं चालत्या गाडीत दार उघडतील याची त्याला भीती असते, आणि ती भीती रास्त आहे. आगीच्या वेळी तोच खटका जिवावर बेततो. इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे आग पुढून येणार. बाहेर पडायची वाट बाजूच्या दारातून किंवा मागच्या दारातून, आणि ती दोन्ही बंद.

१५ फेब्रुवारी २०२० रोजी पंजाबच्या संगरूर जिल्ह्यात लोंगोवालजवळ नेमकं हेच झालं. शाळेतून पोरांना घेऊन निघालेल्या जुन्या मारुती व्हॅनला आग लागली. ती गाडी जवळजवळ तीस वर्षांची होती. शेतात काम करणारी माणसं धावत आली, त्यांनी पोरांना बाहेर ओढलं, तरी चार मुलं गेली. त्या बातमीचा फोटो पाहिला तेव्हा मी कामातून निवृत्त झालेलो होतो. नजर सवयीनं गाडीच्या तळाकडे गेली, खालची खूण शोधायला. नंतर मला तो फोटो पाहवला नाही.

महाराष्ट्रात शाळेच्या गाड्यांसाठी २०११ मध्ये स्वतंत्र नियम झाले. चांगले नियम आहेत. पण नियम गाडीच्या रंगापर्यंत, पाटीपर्यंत, अग्निशामक नळकांड्यापर्यंत पोचतात, कारण ते बाहेरून दिसतं. सीट उचलून वीतभर रबरी पाइप बघायला वेळ आणि माणूस लागतो. पासिंगच्या रांगेत दोन्ही नसतात.

यात अलीकडे एक नवी गोष्ट आली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्क्यांपासून सुरुवात झाली, त्यात महाराष्ट्र होता. २०२२ मध्ये प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं, आता वीस टक्क्यांचं पेट्रोल सगळीकडे मिळतं. आमच्या उसाच्या पट्ट्याला इथेनॉलनं मोठा आधार दिला, आणि शेतकऱ्याचा मुलगा म्हणून मला त्याचं समाधान आहे. पण जुन्या पद्धतीचं रबर अल्कोहोल सोसत नाही. ते आधी फुगतं, मग सुकतं आणि तडकतं. १ एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप आणि सील वीस टक्क्यांना टिकतील असे आहेत. १९९५ च्या ओम्नीचे नाहीत. ओम्नीत नवं रबर घालायला फारसा खर्च येत नाही. मापानं कापून मिळणारा चांगल्या प्रतीचा फ्यूएल पाइप आणि चार नव्या क्लिपा, एवढंच लागतं. पण ते करायला हवं हे तिच्या मालकाला कुणी सांगितलेलंच नाही.

म्हणून मला वाटतं, व्हॅनच्या आगीला 'दोषी गाडी' म्हणून मोकळं होणं चुकीचं आहे, आणि 'दोषी ड्रायव्हर' म्हणणंही तितकंच चुकीचं. गाडीची रचना अशी होती की तिला नेहमीपेक्षा जास्त देखभाल हवी होती. प्रत्येक मालकाबरोबर तिला मिळणारी देखभाल मात्र कमी होत गेली. पहिला मालक कंपनीत सर्व्हिसिंग करायचा, दुसरा ओळखीच्या गॅरेजात, तिसरा बंद पडली तरच. दरम्यान तिच्यावर गॅस, वायरी, फळ्या आणि पोरं चढत गेली. गाडी सगळ्यात धोक्याची झाली त्याच वेळी तिच्यात सगळ्यात जास्त माणसं बसत होती, आणि ती सगळ्यात कमी कमाईच्या माणसाच्या हातात होती.

ओम्नी गेली, पण तिच्या घडणीची गाडी राहिली. ईको जानेवारी २०१० मध्ये आली. इंजिन १२०० सीसीच्या आसपासचं, कार्ब्युरेटर नाही, कंपनीतूनच बसवून आलेला सीएनजी, सगळं कितीतरी सुधारलेलं. तरी इंजिन पुढच्या सीटखालीच आहे. २०२५ मध्ये पहिल्या ईको पंधरा वर्षांच्या झाल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकांकडे गेल्या. सीएनजी हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो, ही जमेची बाजू. पण त्याचा दाब २०० बार असतो, आणि त्या सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. जुन्या गाडीच्या सिलिंडरवरची पट्टी एकदा वाचून बघा, शेवटची तारीख कुठली आहे ती.

मागणं मोठं नाही. पंधरा वर्षांवरच्या व्हॅनचं पासिंग करताना इंधनाचे रबरी पाइप बदलल्याची पावती मागावी. अशा गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये पाच हजार रुपये झाली, त्यात एक सीट उचलून बघण्याचं काम बसायला हरकत नाही. शाळेनं दर सत्राच्या सुरुवातीला व्हॅनवाल्या काकांना एका भरवशाच्या मिस्त्रीकडे पाठवावं आणि खर्च पालकांनी वाटून घ्यावा, पंधरा घरांत तो चहाच्या पैशाइतका येतो. सरकतं दार आणि मागचं दार बाहेरून आणि आतून कसं उघडतं हे पोरांना एकदा करून दाखवावं. आणि पेट्रोलचा किंवा गॅसचा वास आला तर गाडी तिथंच बंद करून सगळ्यांना खाली उतरवायचं, शाळेला उशीर झाला तरी चालेल, हे पालकांनी काकांना स्वतःच्या तोंडानं सांगावं. काका गाडी थांबवत नाहीत ते बऱ्याचदा आपल्याच ओरडण्याच्या भीतीनं.